लेक लग्नाला नाही म्हणतो तेव्हा



तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे सोयरिकीची धांदल सुरू होते. सोयाबीन आडतीवर गेलेले असते, तूर अजून शेतात उभी असते, हाती चार पैसे असतात, आणि उदगीरच्या बाजाराला आलेला माणूस घरी जाताना एखाद्या स्थळाचा पत्ता घेऊनच एस.टी.त बसतो. या दिवसांत सदराकडे येणारी पत्रे बहुधा हुंडा, मानपान नाहीतर पत्रिका यांविषयीची असतात. यंदा मात्र एका माउलीचे वेगळेच पत्र आले. नावगाव छापू नका असे तिने तीनदा लिहिले आहे. तिची ओळख पटेल असा तपशीलही आम्ही बदलला आहे.

पत्राचा मतलब असा. घरची सहा एकर कोरडवाहू जमीन. एकुलता एक मुलगा, वय एकोणतीस, पुण्याकडे कारखान्यात नोकरीला. मामाची मुलगी लहानपणापासून त्याच्या नावाने बोललेली. मुलगा पाच वर्षांपासून एका मित्राबरोबर राहतो. तो मित्र पोळ्याला दोनदा गावी येऊन गेला, बैलांची शिंगे रंगवत बसला, घरच्यांना आवडलाही. या दिवाळीत मुलाने आईला एकटीला गाठून सांगितले, की मामाच्या मुलीशीच काय, मी कोणत्याच मुलीशी लग्न करणार नाही. माझा संसार आहे तो त्या मित्राबरोबरच. बापाला अजून काही ठाऊक नाही. माउली विचारते, "कोर्टाने असल्या लग्नाला नाही म्हटले असे पेपरात आले होते. मग माझ्या लेकराला पोलीस धरतील का? डॉक्टरला दाखवू का? लग्न लावून दिले तर सुधारेल का? आणि आमच्या माघारी जमिनीचे काय?"

विषय नाजूक आहे, आणि हे साप्ताहिक घरातली पोरेबाळेही वाचतात याची आम्हांला जाणीव आहे. पण झाकून ठेवल्याने गळू बरे होत नाही. म्हणून आजचे सगळे सदर या एका पत्रालाच दिले आहे.

पोलिसांची भीती आधी मनातून काढा. इंग्रजांनी १८६० साली दंड संहिता केली, तिच्यात ३७७ नावाचे कलम होते. दोन पुरुषांचा संबंध त्या कलमाखाली गुन्हा ठरत असे, मग तो दोघांच्या राजीखुशीने का असेना. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली हे कलम ढिले केले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा घट्ट केले, आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेला संबंध हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिताच गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ते कलम मुळात घातलेलेच नाही. तेव्हा माउली, तुमच्या मुलाने कायद्याचा कोणताही भंग केलेला नाही.

मग कोर्टाने नाही म्हटले ते कशाला? ते लग्नाला. गुन्हा नसणे वेगळे आणि लग्न म्हणून सरकारी वहीत नोंद होणे वेगळे. आपल्याकडे १९५४ सालचा विशेष विवाह कायदा आहे. निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे ज्या कायद्याने नोंदणी पद्धतीचे लग्न करतात तो हा. हैदराबादचे दोन तरुण आणि त्यांच्यासारखी इतर जोडपी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि म्हणाली, या कायद्यात आम्हांलाही बसवा. २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत दहा दिवस वाद चालला. धर्माधर्मांच्या विवाहकायद्यांत आम्ही शिरणार नाही, असे न्यायालयाने सुरुवातीलाच बजावले होते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. पाचही न्यायमूर्ती एका गोष्टीवर एकमत झाले, की लग्न करणे हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि अशा लग्नाचा कायदा करायचा तर तो संसदेने करावा. पुढे मात्र फाटा फुटला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड (हे घराणे मूळचे पुण्याजवळच्या कन्हेरसर गावचे) आणि न्यायमूर्ती कौल यांचे म्हणणे पडले की लग्न नाही तर नाही, पण अशा जोडीच्या सोबतीला सरकारने काहीतरी मान्यता द्यावी आणि त्यांना मूल दत्तक घेता यावे. न्यायमूर्ती भट, कोहली आणि नरसिंह यांनी ते मानले नाही. तीन विरुद्ध दोन. फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले.

सरकारी बाजूचा एक मुद्दा वाचकांनी समजून घ्यावा, कारण तो पोरकट नाही. आपले लग्नाचे सगळे कायदे नवरा आणि बायको हे दोन शब्द धरून लिहिलेले आहेत. मुलाचे वय एकवीस, मुलीचे अठरा. नांदवत नाही म्हणून बायकोने पोटगी मागायची, विधवेने वारसा मागायचा. दोघेही पुरुष असतील तर नवरा कोणाला धरायचे आणि बायको कोणाला? एक शब्द बदलला तर शंभर कलमे उसवतात, आणि ते शिवणकाम कोर्टाचे नव्हे, संसदेचे, असे सरकार म्हणाले. या म्हणण्यात तथ्य आहे. पण संसदेने ते शिवणकाम करूच नये, असा काही त्याचा अर्थ होत नाही.

जगात काही ठिकाणी ते झाले आहे. नेदरलँड या देशाने २००१ साली पहिल्यांदा असा कायदा केला. आशिया खंडात तैवानने २०१९ साली आणि थायलंडने २०२५ च्या जानेवारीत ही लग्ने कायदेशीर केली. आपला शेजारी नेपाळ तर हिंदू रीतिरिवाजांचा आणि शेतकऱ्यांचा देश. तिथे २०२३ च्या नोव्हेंबरात लमजुंग जिल्ह्यातल्या एका गावपालिकेने अशी पहिली नोंद केली. त्या जोडीतली एक व्यक्ती स्त्री म्हणून राहणारी, पण सरकारी कागदावर पुरुष. नोंद झाली ती डोंगरातल्या गावकारभाऱ्यांच्या वहीत, हे आम्हांला विशेष वाटते.

इथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे लोक तृतीयपंथी आणि समलिंगी यांना एकाच दावणीला बांधतात. जन्मतः एक ओळख मिळाली पण मन दुसरे सांगते, तो तृतीयपंथी. स्वतःला पुरुषच मानतो पण ओढ पुरुषाची वाटते, तो समलिंगी. बायकांचेही तसेच. कायद्यात हा फरक मोठा आहे. तृतीयपंथी स्त्रीने पुरुषाशी किंवा तृतीयपंथी पुरुषाने स्त्रीशी लग्न करायला आजच्या कायद्यातही मुभा आहे, हे २०२३ च्या त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट केले. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली एक महिला पोलीस शिपाई शस्त्रक्रिया करून २०१८ साली पुरुष झाली आणि पुढे २०२० साली त्यांचे एका मुलीशी रीतसर लग्नही झाले. वर्तमानपत्रांनी कौतुकाने छापले. तुमच्या मुलाची गोष्ट तशी नाही. तो पुरुषच आहे आणि पुरुषच राहणार.

आता डॉक्टरचा प्रश्न. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच आजारांच्या यादीतून तो काढून टाकला. ही ओढ बदलून देतो म्हणून गोळ्या, इंजेक्शने किंवा विजेचे झटके देणे हे आपल्या देशात डॉक्टरच्या पेशाला न शोभणारे वर्तन ठरवलेले आहे, आणि त्यासाठी त्याच्यावर कारवाई होऊ शकते. वैद्यकीय आयोगाने २०२२ साली तसे कळवले आहे. तेव्हा "कोर्स करा, फरक पडेल" म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. देवऋष्याकडे नेण्याचा सल्लाही कोणीतरी देईलच. बाहेरचे लागले म्हणून मारणे, धूर देणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मुलगा गुन्हेगार नाही, पण त्याला तिथे घेऊन जाणारे मात्र अडचणीत येतील!

"लग्न लावून दिले तर सुधारेल का?" या प्रश्नाशी आम्ही जास्त वेळ थांबणार आहोत. कारण इतके बोलूनही आतापर्यंत ज्या माणसाचा विचार कोणी केला नाही, तो माणूस या प्रश्नात उभा आहे. तो म्हणजे मामाची मुलगी.

गावोगाव आपण अशी घरे पाहतो. वरून सगळे ठीक. नवरा कमावता, निर्व्यसनी, हात न उगारणारा. पण बायको मनातल्या मनात झुरते. तो तिच्याशी बोलत नाही, जवळ येत नाही, सुट्टी मिळाली तरी घरी येत नाही. दोन वर्षांनी पाळणा हलला नाही की सासू तिलाच वैद्याकडे नेते. बाजेवर बसलेल्या बायका तिलाच वांझ म्हणतात. ती माहेरी काय सांगणार? तिला स्वतःलाच कारण ठाऊक नसते. आपल्या रूपात काही कमी आहे, आपल्या हातून काही चुकले आहे, असे समजून ती वय घालवते. अशा लग्नात मूल झाले तरी गोष्ट फार बदलत नाही, दुःखात एकाची भर पडते एवढेच. फसवून लावलेले लग्न रद्द करून मागण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यात आहे, पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. कोर्टाची पायरी चढण्याइतकी हिंमत आणि पैसा किती लेकींकडे असतो? आणि तुमच्या बाबतीत ती परकीही नाही, भावाची लेक आहे. भाऊ-बहिणीचे दार कायमचे बंद होईल.

मुलगा खोटे बोलून बोहल्यावर चढू शकला असता. पुष्कळजण चढतात. तुमचा मुलगा चढला नाही. त्याने एका मुलीचे आयुष्य वाचवले आहे, हे आम्हांला पत्र वाचताना पहिल्यांदा जाणवले.

याच विषयावर रोहन कानवडे यांचा "साबर बोंडं" नावाचा मराठी चित्रपट २०२५ साली आला. वडील वारले म्हणून शहरातला मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथे लहानपणचा सोबती भेटतो, जो गावातच राबतो आणि ज्याच्यामागे घरच्यांनी लग्नाचा लकडा लावला आहे. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला मोठे पारितोषिक मिळाले. सांगण्याचे कारण बक्षीस हे नव्हे. ही गोष्ट शहरातल्या श्रीमंतांची, परदेशातून आलेली, असे जे आपण म्हणतो ते खरे नाही. १९८७ साली मध्य प्रदेशात दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींना हार घातले होते. दोघींचीही नोकरी गेली. तेव्हा खेड्यापाड्यांत दूरदर्शनही धड पोचले नव्हते. २०१७ च्या डिसेंबरात यवतमाळमध्ये परदेशात राहणाऱ्या एका यवतमाळकराने आपल्या जोडीदाराबरोबर लग्नाचा समारंभ केला, तेव्हा ३७७ कलम अजून जिवंत होते.

धर्माचे काय, परंपरेचे काय, असे काही वाचक विचारतील. विचारावेच. लग्न म्हणजे दोन कुळांचा संबंध, त्यातून वंश चालावा, पितरांना पाणी मिळावे, हा आपला संस्कार आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांना असे लग्न पटत नाही ते सगळे दुष्ट आहेत, असे आम्ही मुळीच मानत नाही. पण परंपरेच्या नावावर आपण काय काय केले तेही आठवावे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केले म्हणून त्यांच्या कोकणातल्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे त्याच माणसाला भारतरत्न मिळाले. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव "समाजस्वास्थ्य" मासिक काढत. वाचकांच्या अशाच नाजूक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न आले, छापील उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील कोण होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. (म्हणजे आजचे हे सदर नव्वद वर्षांपूर्वी छापले असते तर आम्हांलाही कोर्टात उभे राहावे लागले असते.) प्रश्न तेव्हाही होते आणि लोक ते पत्रानेच विचारत होते.

दोघांनी लग्न करावे की नाही, सरकारने ते नोंदवावे की नाही, हा वाद संसदेत आणि देवळांत पुष्कळ वर्षे चालेल. आमचे मत विचाराल तर जे एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावतात त्यांना कागदाचा आधार मिळायला हवा. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण सज्ञान मुलाला किंवा मुलीला कोंडून ठेवणे, फोन काढून घेणे, नातेवाईकांकरवी उचलून आणणे, याला कोणत्याच मताचा आधार नाही. तामिळनाडूत एका पंचवीस वर्षांच्या मुलीला आईबापांनी तिच्या मैत्रिणीपासून ओढून घरी ठेवले होते. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तिला मोकळे केले आणि म्हटले की कुटुंब उभे करण्याचा लग्न हा एकच मार्ग नव्हे.

आता जमीन. माउली, तुमचा हा शेवटचा प्रश्न तुम्हांला वाटतो त्याच्या उलट्या टोकाने पाहावा लागेल. तुमच्या माघारी तुमची जमीन मुलाला मिळणारच आहे. तो कोणाबरोबर राहतो याचा वारसाशी काही संबंध नाही आणि त्या कारणाने तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) फेरफार अडवू शकत नाही. अडचण दुसरीकडे आहे. देव न करो, पण उद्या मुलालाच काही झाले तर? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको नाही, मूल नाही, मृत्युपत्र नाही अशा पुरुषाची मिळकत त्याच्या आईकडे जाते. म्हणजे तुमच्याकडे. दोघांनी मिळून पुण्याकडे घर घेतले असेल, निम्मे हप्ते त्या मित्राने भरले असतील आणि कागद एकट्या मुलाच्या नावावर असेल, तर मित्राचा त्यावर सहजासहजी हक्क उभा राहत नाही. तुमच्या बैलांची शिंगे रंगवणाऱ्या त्या पोराला घराबाहेर काढण्याची सत्ता कायद्याने तुमच्या हातात दिलेली आहे. लग्नाची नोंद नसणे म्हणजे काय, ते इथे कळते.

यावर आज जे उपाय आहेत ते साधे आहेत. दोघांनी मिळून घर घ्यायचे तर खरेदीखतावर दोघांची नावे हवीत. मृत्युपत्र प्रत्येकाने आपापले करावे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण दुय्यम निबंधकाकडे करून ठेवलेली बरी. दोन साक्षीदारांसमक्ष सही व्हावी, आणि ज्याला मिळकत द्यायची तोच साक्षीदार नसलेला चांगला. स्वतः कमावलेले आणि वडिलार्जित जमिनीतला स्वतःचा हिस्सा, दोन्ही मृत्युपत्राने देता येतात. मात्र शेतजमीन शेतकरी नसलेल्या माणसाच्या नावाने करायची असेल तर मराठवाड्यात जुन्या हैदराबाद कुळकायद्याचे निर्बंध आड येऊ शकतात. तेवढ्यापुरता उदगीर किंवा लातूरच्या जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा, शेजाऱ्याचा नको.

सरकारनेही निकालानंतर थोडी दारे किलकिली केली आहेत. केंद्राने २०२४ च्या ऑगस्टमध्ये बँकांना कळवले की अशा जोडीला संयुक्त खाते काढायला आणि एकमेकांचे नाव वारस म्हणून लावायला काही आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी अशी जोडी एक कुटुंब धरावी, असे राज्यांना कळवले. आणि जोडीतला एकजण वारला, जवळचे नातेवाईक हजर नसले, तर दुसऱ्याला मृतदेह ताब्यात घेता यावा, असे आरोग्य खात्याने सुचवले. हे सगळे पत्रांवर चाललेले आहे, कायद्याने नव्हे. त्यामुळे खिडकीवरच्या बाबूला ते ठाऊक असेलच असे नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा बँकेत जाताना मुलाने त्या पत्राची छापील प्रत बरोबर न्यावी. आणि एक ध्यानात ठेवा, बँकेत लावलेले वारसाचे नाव म्हणजे पैसे घेणाऱ्याचे नाव, मालकाचे नव्हे. मृत्युपत्र वेगळे लागतेच.

राहिला प्रश्न बापाला कधी आणि कसे सांगायचे. तो कायद्याचा नाही, तुमच्या घराचा आहे. तुमच्या मालकांना तुम्ही ओळखता, आम्ही नाही. एवढेच म्हणू, की सांगताना मुलगा समोर असावा आणि दारात पाहुणे नसावेत. मात्र भावाला निरोप त्याच्याही आधी जाऊ द्या. मुलाचे कारण सांगायची गरज नाही. सोयरीक होणार नाही, पोरीसाठी दुसरे स्थळ बघ, एवढे कळवा. लग्नसराई सुरू झाली आहे, आणि त्या पोरीचे एक वर्ष उगाच आपल्यापायी अडकायला नको.